कवटी कोण लावणार? टीममध्ये खूण करण्याचा हक्क कोणाला द्यायचा

मागच्या व्हिडिओत मी ओघात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमचं उदाहरण दिलं आणि दोन मिनिटांत पुढे गेलो. तो मुद्दा तेवढ्यात आटपण्यासारखा नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही गेम खेळत नसाल तरी वाचा. दुकानात दोन माणसं ठेवलीत की हा प्रश्न तुमच्याकडे येणारच आहे.

ब्लिझार्ड कंपनीचा हा गेम २००४ मध्ये आला. बीबीएला असताना हॉस्टेलवर मी तो भरपूर खेळलोय (किती, ते घरी अजून माहीत नाही). पाच जणांची पार्टी करायची आणि गुहेत शिरायचं. समोर चार-पाच राक्षस घोळका करून उभे असतात. आता प्रत्येकाने आपापल्या मनाने एकेक राक्षस धरला तर काय होतं? सगळे राक्षस अर्धमेले होतात, पण मरत एकही नाही. आणि अर्धमेला राक्षससुद्धा पूर्ण ताकदीनेच मारतो. त्यामुळे पाचही जणांनी एकाच राक्षसावर तुटून पडायचं आणि तो संपला की पुढचा घ्यायचा.

कोणता आधी, हे सांगायला राक्षसाच्या डोक्यावर खूण लावता येते. खुणा एकूण ८: चांदणी, वर्तुळ, हिरा, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली आणि कवटी. खेळाडूंमध्ये रूढ झालेली पद्धत अशी, की कवटी असेल त्याला आधी मारायचं आणि फुलीवाल्याला नंतर. चंद्र असेल त्याला हात लावायचा नाही, कारण जादूगार त्याला मेंढी बनवून बाजूला ठेवणार असतो. त्या मेंढीला कोणाचा चुकून एक फटका बसला की जादू उतरते आणि राक्षस परत अंगावर येतो.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. पहिली म्हणजे, खुणेत स्वतःची काही ताकद नसते. कवटी लावल्याने राक्षस अशक्त होत नाही, ती फक्त सगळ्यांची नजर एका जागी आणते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कवटी एकच असते. दुसऱ्या राक्षसावर लावली की पहिल्यावरची आपोआप निघते. ‘हाही आधी आणि तोही आधी’ असं म्हणायची सोयच गेममध्ये ठेवलेली नाही.

आता हक्काचं बघू. पाच जणांच्या पार्टीत खूण कोणीही लावू शकतो. पण तीच मंडळी वाढून मोठी रेड झाली, की खूण फक्त लीडर आणि त्याने नेमलेले असिस्टंट लावू शकतात. गर्दी वाढली की हक्क आवळायचा, असं ते गणित आहे. लीडरला सगळ्यांनाच असिस्टंट करता येतं, पण मग दर सेकंदाला कवटी इकडून तिकडे उड्या मारते आणि कोणी कोणाला मारायचं हेच कळत नाही. आणखी एक. आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याचदा लीडर एक असायचा आणि खुणा लावायचा टँक, म्हणजे सर्वांत पुढे उभा राहून मार खाणारा खेळाडू. समोर काय येतंय ते त्यालाच आधी दिसतं ना! शिवाय खूण लावायचा हक्क आणि माणसाला काढायचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. गेमने आपोआप जुळवलेल्या पार्टीत तर लीडरलाही एकट्याने कोणाला काढता येत नाही, त्यासाठी मतदान घ्यावं लागतं.

हे सगळं मला कॉलेजपासून पाठ होतं. तरी स्वतःच्या दुकानात मी नेमकं उलटं केलं.

आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत जॉब कार्डांवर ‘अर्जंट’चे लाल स्टिकर लावायला कोणालाच बंदी नव्हती. बाबा ओळखीच्यांच्या कामाला लाल स्टिकर लावायचे, बहीण फोनवर ओरडणाऱ्याच्या कामाला, आणि मी जास्त ॲडव्हान्स देणाऱ्याच्या. एका दिवशी १४ जॉब कार्डांपैकी ११ लाल होती. मशीनवरचे दादा बिचारे प्रत्येकाचं थोडं थोडं काम पुढे ढकलत राहिले. संध्याकाळी ११ ऑर्डरी अर्धवट होत्या, पूर्ण एकही नव्हती. त्यात एका घरची मंडळी दुसऱ्या दिवशी पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायला जेजुरीला निघणार होती. शेवटी त्यांनी प्रूफचा कागदच देवापुढे ठेवला. मुलीचे वडील मला एक शब्दही वाकडं बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

माझा राग मी दादांवर काढला, तोही गिऱ्हाइकासमोर. नऊ वर्षं आमच्याकडे काम करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेलो. चहा देऊन ते एवढंच म्हणाले, “आधी कुठलं घेऊ, हे मी तुम्हाला चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा तुम्ही वेगळं सांगितलंत.”

खरं होतं ते.

त्यानंतर स्टिकर बंद केले. आता दुकानात एकच लाल चिमटा आहे. तो ज्या कार्डाला लागेल ते काम आधी, आणि दुसऱ्या कार्डाला लावायचा तर पहिल्याचा काढावाच लागतो. पिवळा चिमटा त्याच्या पुढच्या कामाला. निळा चिमटा म्हणजे प्रूफ पास झालेलं नाही, हात लावायचा नाही. हा आमचा चंद्र. निळे कितीही असले तरी चालतात, लाल मात्र एकच.

लाल चिमटा हलवायचा हक्क फक्त दादांना आणि मला. बहिणीने आणि बाबांनी कारण सांगून मागायचं. दादांनाच का? कारण शाई किती उरलीय, कोणता कागद आलेला नाही, मशीनला किती वेळ लागेल, हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. डिस्काउंट आणि गल्ला मात्र त्यांच्याकडे नाही, आणि त्यांना तो नकोही आहे. मीसुद्धा चिमटा हलवला तर त्यांना सांगूनच. दोनदा हे विसरलो, तेव्हा त्यांनी गुपचूप परत जागेवर लावून ठेवला होता.

तुमच्याकडे दोन-तीनच माणसं असतील तर हक्क सगळ्यांना ठेवा, बिघडत नाही. फक्त खूण एकच ठेवा. टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यात ॲडमिन कोण कोण आहे तेही आजच बघून घ्या. आमच्यात तर सगळेच होते.

बाबांना हा प्रकार अजून पटलेला नाही. मागच्या महिन्यात ते बाजारातून स्वतःच्या पैशाने लाल चिमट्यांचं अख्खं पाकीट घेऊन आले. ते सध्या मशीनजवळच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली दादांकडे.