बाजार पडतोय, एसआयपी बंद करू का?

प्रश्न : इक्विटी म्युच्युअल फंडात तीन वर्षे दरमहा ५,००० रुपये भरतो आहे. १,८०,००० भरले, आज १,६२,००० दिसतात. म्हणजे १८,००० बुडाले ना? एसआयपी बंद करून सगळे मुदत ठेवीत टाकू का? पुढच्या वर्षी मुलीची कॉलेजची फी भरायची आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बुडाले नाहीत. तुमचे एकही युनिट कमी झालेले नाही. भाव उतरला आहे. विकाल तेव्हाच तोटा पक्का होईल. भाव ५० असताना ५,००० रुपयांत १०० युनिट मिळतात, ४० झाला की १२५. स्वस्ताईत खरेदी थांबवून काय साधणार? २०२० च्या जानेवारीत ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली आला आणि २०२१ च्या जानेवारीत त्याने ५०,००० ला हात लावला. दर वेळी बाजार इतक्या लवकर सावरतो असे मात्र नाही.

म्हणूनच फीचा मुद्दा वेगळा. वर्षभरात लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवूच नये. थोडा तोटा सोसून का होईना, फीपुरती रक्कम काढून मुदत ठेवीत ठेवा. बाकीची एसआयपी चालू द्या. हप्ता जड जात असेल तर काही महिने स्थगित करण्याची सोय फंडाकडे विचारा. खाते रिकामे ठेवून हप्ता चुकवलात तर बँक दंड लावते.

सोने गहाण टाकून 'स्वस्तात' खरेदी तर मुळीच नको. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिप्स देणाऱ्याला आधी सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.