कार्बनचे कापड चढवण्याआधी

उचगावातल्या आमच्या शेडमध्ये गाडीच्या पार्टवर कार्बन फायबरचे कापड चढवण्याचे काम शिकायला येणारी पोरे बहुतेक साध्या फायबरच्या कामातून आलेली असतात. बंपर जोडून हात बसलेला असतो, पण सवयी पॉलिएस्टर रेझिनच्या असतात आणि त्याच इथे नडतात. मीही त्याच वाटेने आलो.

पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा जास्त घातला की माल लवकर धरतो. इथे वापरतो त्या इपॉक्सीत हार्डनर रेझिनशी ठरलेल्या प्रमाणातच जोडला जातो. जास्तीचा तसाच उरतो आणि पार्ट मऊ, चिकट राहतो. डब्यावरचे प्रमाण ग्रॅमवर मोजा, हुपरीचे चांदीवाले वापरतात तसल्या छोट्या काट्यावर. पेल्यात एका वेळी थोडाच माल कालवा. जास्त साठला तर तो स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडतो.

सगळ्यांत जास्त त्रास मला आपल्या पावसाने दिला. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा पांढुरका थर येतो. त्यावर पुढचा हात मारला की काही दिवसांनी तो सुटतो. थर कोमट पाण्याने, स्कॉचब्राइटने घासून धुवा, पूर्ण वाळवा, मगच पुढे जा. जमले तर पावसाळ्यात बंद, कोरड्या खोलीतच काम करा.

पार्टच्या मागे प्लास्टिकचे नाव कोरलेले असते, ते आधी वाचा. एबीएस असेल तर ८० ते १२० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण मारा, इपॉक्सी धरते. पीपी असेल तर सोडून द्या. त्यावर साधी इपॉक्सी टिकत नाही. घासलेल्या एबीएसवर काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीचा हात द्या आणि थांबा. बोट लावल्यावर चिकटते पण बोटाला माल येत नाही, तेव्हाच कापड ठेवा. घाई केली तर कापड सरकते आणि वीण वाकडी होते. ती नंतर कशानेच सरळ होत नाही. पहिला पार्ट सपाट घ्या, दारावरच्या काचेच्या बटणांची पट्टी चालेल. आरशाच्या कव्हरचा गोलावा नंतर.

वर इपॉक्सीचे दोन-तीन हात, वॉटर पेपर आणि शेवटी ऊन सोसणारा पीयू क्लिअर. क्लिअर टाळला तर ऊन लागून पार्ट पिवळा पडतो.

हातमोजे नायट्रिलचेच घाला. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर जात नाही, आणि हातावरचा माल थिनरने पुसल्याने ती लवकर जडते. घासताना चांगला मास्क हवाच. कार्बनची धूळ वीजवाहक असते, म्हणून मशीन आणि स्विचबोर्ड लांब ठेवा.

गिऱ्हाइकाला खरे सांगा. मॅकलॅरेनने १९८१ मध्ये फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला, म्हणून ती हलकी झाली. आपण प्लास्टिकवर कापड चढवतो, त्याने वजन वाढते. हे काम दिसण्यासाठी आहे.

आणि एक काम कधीच घेऊ नका: एअरबॅगवरचे झाकण, मग ते स्टिअरिंगचे असो, डॅशबोर्डचे असो किंवा पडदा एअरबॅग असलेल्या खांबाचे. ते झाकण ठरल्या जागी फाटावे किंवा उघडावे म्हणूनच बनवलेले असते आणि कार्बनचे कापड तसे होऊ देत नाही. नव्या मॉडेलच्या गाड्यांना १ एप्रिल २०२१ पासून पुढच्या प्रवाशासाठीही, म्हणजे डॅशबोर्डमध्येही, एअरबॅग सक्तीची आहे. गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत असेल तरी त्याला परत पाठवा.