'गेट' शिकवताना

संध्याकाळच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाला परिचारिका येतात, आयटीआयची मुलं येतात, दुकान सांभाळणाऱ्या बायका येतात. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. दोन्ही काळांतले विद्यार्थी मला भेटतात आणि सगळ्यांच्या वहीत 'गेट' या क्रियापदापुढे एकच अर्थ असतो : मिळणे. तिथेच गाडी अडते. बरीच वर्षं शिकवून हाती आलेलं हे काही.

१. सुरुवात मराठीतल्या 'लागणे'पासून करावी.
भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाटात गाडी लागते, वळणावर देऊळ लागतं, मूल बोलू लागतं, अमका आपला मामा लागतो आणि मनात नसलं तरी जावं लागतं. यातला एकही अर्थ आपण पाठ केला नव्हता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यात 'लागणें' काढून बघा, इंग्रजी माणसाला या शब्दासाठी किती अर्थ द्यावे लागले ते दिसेल. ही वाक्यं फळ्यावर लिहिली की 'गेट'चं दडपण निम्मं उतरतं.

२. 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघावं.
पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे : 'आय गॉट अ लेटर', 'गेट मी सम वॉटर'. विशेषण असेल तर होणे : 'गेट टायर्ड', 'इट इज गेटिंग डार्क'. 'टू' आणि ठिकाण असेल तर पोहोचणे : 'वी गॉट टू पुणे ॲट नाइन'. 'होम', 'हिअर', 'देअर' असे शब्द अपवाद. 'गेट होम' म्हणताना मध्ये 'टू' येत नाही.

३. 'मला'चा 'आय' होतो.
'मला पत्र मिळालं' या वाक्यात कर्ता पत्र आहे. 'मला राग आला' म्हणताना कर्ता राग आहे. इंग्रजी मात्र माणसालाच कर्ता करते : 'आय गॉट अ लेटर', 'आय गॉट अँग्री'. 'टू मी' असं म्हणणारा विद्यार्थी ढ नसतो, तो मराठीचं व्याकरण चोख पाळत असतो. हे त्याला सांगावं, धीर येतो.

४. केस कुणी कापले?
माझ्या मते 'गेट'चा सर्वांत मोलाचा उपयोग हाच, आणि शाळेत तोच घाईत उरकला जातो. आपण सहज म्हणतो, मी केस कापले, दात काढला, घर बांधलं. न्हावी, डॉक्टर, गवंडी ऐकणारा मनात धरून घेतो. पण 'आय कट माय हेअर' म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, यानेच कात्री चालवली. तिथे 'आय गॉट माय हेअर कट' असं हवं : आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आपलं 'करून घेणे' ते हेच.

वर्गातली एक परिचारिका मुलाखतीची तयारी करत होती. ती म्हणाली, 'आय टेस्टेड द पेशंट्स ब्लड.' नमुना तिने पाठवला होता, तपासणी प्रयोगशाळेने केली होती. दवाखान्यात कोणतं काम कुणी केलं याला फार किंमत असते. आम्ही वाक्य बदललं : 'आय गॉट द पेशंट्स ब्लड टेस्टेड.' मग तिने त्याच साच्यात सलाइन, एक्स-रे, औषधं अशी स्वतःच्या कामाची वाक्यं भराभर रचली. तेव्हापासून हा धडा मी ज्याच्या-त्याच्या कामावरूनच शिकवतो.

५. एसटीत 'ऑन', रिक्षात 'इन'.
उभं राहून चालता येतं अशा बस, रेल्वे, विमानात 'गेट ऑन' आणि उतरताना 'गेट ऑफ'. वाकून बसावं लागतं त्या रिक्षा-मोटारीत 'गेट इन' आणि 'गेट आउट'.

६. 'गॉटन' ऐकून दचकू नये.
अमेरिकेतली भाचरं ते बोलतात. ब्रिटिश वळणात 'गॉट' पुरतं. मात्र 'आय हॅव गॉट अ पेन', म्हणजे माझ्याकडे पेन आहे, यात दोन्हीकडे 'गॉट'च. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावं लागेल. इथे 'गेट' आणि 'लागणे' यांची गाठच पडते.

७. अर्जात जपून.
मित्राला 'आय गॉट युवर लेटर' ठीक; कार्यालयाला लिहिताना 'रिसीव्ह्ड' बरं.

शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. शब्दार्थाच्या वहीत 'गेट'पुढे एक अर्थ लिहून देऊ नका. मुलाच्या रोजच्या दिवसातली चार वाक्यं त्याच्याकडून लिहून घ्या.