संगणकांचा दुभाषी



आपल्या हैदराबादेत मासाब टँक येथे रिझर्व्ह बँकेने १९९६ साली स्थापिलेली बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालावे, यासाठी ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ ही व्यवस्था या संस्थेने २००४ साली सुरू केली. २००९ साली ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे सोपविण्यात आली. प्रत्येक बँकेने प्रत्येकीशी निराळा संबंध जोडण्याऐवजी सर्वांनी एका मध्यस्थाशी जोडून घ्यावे, हे तिचे मर्म होय.

हेच तत्त्व एका संस्थेतील निरनिराळ्या संगणक-प्रणालींना लावले म्हणजे ‘एंटरप्राइज सर्व्हिस बस’ सिद्ध होते. ही बस रस्त्यावरची नव्हे. परंतु दोन्ही शब्दांचे मूळ ‘ओम्निबस’ या लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’.

थोडे गणित करू. दहा प्रणाली परस्परांशी थेट जोडल्यास ४५ जोडण्या लागतात. मध्यस्थ असल्यास १० पुरतात. अकरावी प्रणाली आली, तर पहिल्या रीतीत आणखी १० जोडण्या वाढतात, दुसऱ्या रीतीत केवळ १.

या मध्यस्थाची कामे मुख्यत्वे चार: संदेश स्वीकारणे, त्याचे रूपांतर करणे, तो योग्य स्थळी पोहोचविणे आणि न पोहोचल्यास त्याची नोंद ठेवणे.

मी कलाशाखेचा पदवीधर. तरीही सुटीत ‘म्यूल’ नावाची अशी प्रणाली शिकण्यास बसलो. म्यूल म्हणजे खेचर. ओझे वाहणाऱ्यास नाव शोभतेच! प्रथम ती संगणकावर बसविली. मग ८०८१ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश स्वीकारण्याची सोय केली, पुढे रूपांतराची पायरी जोडली आणि शेवटी हिशेबाच्या वहीत नोंद करण्याची. सरावासाठी कल्पित विद्यार्थ्यांची शुल्कनोंद घेतली होती.

सर्व सुरळीत चालले. निदान मला तसे वाटले. शुल्काच्या नोंदीत तारीख आधी व महिना नंतर होता. हिशेबाच्या वहीत महिना आधी. त्यामुळे ‘०७-०६’, म्हणजे ७ जून, तेथे ६ जुलै झाला. मुदत १५ जूनची असल्याने वेळेत शुल्क भरणारा मुलगा दंडास पात्र ठरला! यंत्राने तक्रार केली नाही. तारीख २५ असती, तर पंचविसावा महिना नसल्याने ते अडले असते. ७ तारखेने मात्र चूक झाकली. तो मुलगा कल्पित होता म्हणून बरे.

यावरून तीन नियम मी वहीत टिपले. तारीख सर्वत्र वर्ष-महिना-दिवस या आंतरराष्ट्रीय मानक क्रमाने लिहावी. प्रत्येक संदेशास स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तोच दुसऱ्यांदा आल्यास ओळखता येऊन रक्कम दोनदा जमा होत नाही. आणि न पोहोचलेला संदेश टाकून न देता निराळा जपून ठेवावा.

माझ्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी. दुभाष्याने शब्द अचूक पोहोचविले, पण अर्थ बदलला, तर भांडण ठरलेले, हे आपण हैदराबादकर जाणतोच. संगणकांचेही तसेच आहे. जोडणी एका दुपारी होते. कोणत्या आकड्याचा काय अर्थ, हे दोन्ही पक्षांस आधी विचारून ठरविणे, हेच खरे काम होय.