जुन्या कार्डाची थकबाकी

प्रश्न : २०१६ पासून बंद असलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी एक वसुली कंपनी आता मागते आहे. ‘निदान हजार रुपये भरा’ असा तगादा आहे. भरावेत का?

उत्तर : कागद पाहिल्याशिवाय काहीही भरू नका, कशावरही सही करू नका. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा येण्यासाठी दावा लावायला साधारणतः ३ वर्षे मिळतात. त्या मुदतीतच तुम्ही काही रक्कम भरली असेल किंवा देणे सहीनिशी मान्य केले असेल, तर ती नव्याने मोजली जाते. म्हणून शेवटचा भरणा कधीचा, हे आधी शोधा. मुदत उलटल्यावर भरलेल्या हजार रुपयांनी मेलेला दावा जिवंत होत नाही. मात्र ‘उरलेले फेडीन’ असे सहीनिशी लिहून दिलेत, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार तो नवा करार ठरतो. खरा धोका त्या कागदात आहे.

खर्च केला होता, मग ही पळवाट नव्हे का, असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, आणि मुदतीने देणे पुसलेही जात नाही. बंद होतो तो कोर्टाचा मार्ग. पण व्याज-दंडाने फुगलेला आकडा सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्याचीच. नुसत्या हिशेबवहीतील नोंदीवर कायदा कुणाला देणेकरी ठरवत नाही. प्रमाणित खातेउतारा आणि येणे बँकेकडून कंपनीकडे आल्याचा दस्त लेखी मागा. कोर्टाचे समन्स आले, तर मात्र हजर राहाच.