माळावरील गवताचे बी

सोलापूर व अहिल्यानगर जिल्हे आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग यांत पाऊस कमी पडतो. तेथील माळांना सरसकट पडीक जमीन म्हणण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाही. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात दक्षिणेच्या पठारावरील मुख्य गवते म्हणून शेडा व मारवेल यांनाच स्थान आहे. मेंढरे, गुरे, चिंकारा, लांडगा या सर्वांचा निर्वाह याच माळांवर होतो.

माळ उजाड का होतो? शेडा व मारवेल जनावरांना फार आवडतात. चराईला धरबंध नसला की तुरा येण्यापूर्वीच ती खाल्ली जातात आणि त्यांचे बी जमिनीवर पडत नाही. कुसळी मात्र कोवळी असेपर्यंतच खाल्ली जाते. कुसळे धरल्यावर जनावरे तिच्या वाटेस जात नाहीत. त्यामुळे तिचे बी सुटते व हळूहळू माळ तिचाच होतो.

जेथे चांगल्या गवताचे ठोंब शिल्लक आहेत, तेथे चराईबंदी पुरेशी होते. जेथे ते उरले नाहीत, तेथे बी आणावे लागते. मारवेलीचे मुळासकट ठोंब लावता येतात, परंतु शेकडो एकरांस ते कोठून पुरणार? बाजारात ज्वारी-मक्याचे बी हवे तेवढे मिळते. शेड्याचे सहसा मिळत नाही. याचे कारण उघड आहे. उत्तम वैरणीसाठी गवत फुलोऱ्यात असतानाच कापावे लागते. बियांसाठी ते उभे ठेवले तर त्याचा कस जातो. म्हणून बियांकरिता राखलेला पट्टा म्हणजे शेतकऱ्याने त्या वर्षी सोडलेली वैरण होय. बियांच्या किमतीत या वैरणीचा मोबदला धरला नाही, तर असा पट्टा कोणीही राखणार नाही.

बी गोळा करण्यास धीर लागतो. एकाच ठोंबावरील सर्व तुरे एकदम पिकत नाहीत, आणि पिकलेले बी लगेच झडते. सबब, पावसाळा सरल्यावर त्याच पट्ट्यातून तीन-चार वेळा हाताने तुरे ओरपावे लागतात. बी सावलीत सुकवून कापडी पिशवीत ठेवावे. ताजे बी बहुधा उगवत नाही. काही महिने विश्रांती झाल्यावर त्यात उगवण्याची शक्ती येते. त्यामुळे हिवाळ्यात जमविलेले बी पुढील पावसाळ्याच्या तोंडी पेरणे सोयीचे पडते. ते मातीत खोल जाऊ देऊ नये. बी हलके असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून ओलसर माती व शेणखत यांत मिसळून फेकतात.

पिशवीच्या वजनावरून बियांची पारख होत नाही, कारण पुष्कळ टरफले आतून पोकळ असतात. शिक्षकांनी वर्गात चिमूटभर बी तळहातावर चोळावयास लावून आतील दाणा दाखवावा. नंतर १०० बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवल्या ते मुलांकडून मोजून घ्यावे.

स्टायलोसारखी परदेशी वैरण माळावर पेरली तर चारा वाढतो. मूळचा माळ परत येत नाही. देशी बी सुद्धा शक्यतो जवळच्या, तशाच मुरमाड जमिनीवरचे घ्यावे. याकरिता प्रत्येक पिशवीवर गवताचे नाव, गाव, जमिनीचा प्रकार व गोळा केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि तिची नक्कल शाळेच्या वहीत ठेवावी.