मेजर टेलर : वेग आणि वर्ण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मोटारीचा प्रसार होण्यापूर्वी, सायकलींची शर्यत हा अमेरिकेतील एक अत्यंत लोकप्रिय खेळ होता. या खेळावर उपजीविका करणाऱ्या पहिल्या पिढीत मार्शल वॉल्टर टेलर याचे नाव अग्रभागी आहे. 1878 मध्ये इंडियानापोलिस येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. सायकलीच्या दुकानासमोर सैनिकी गणवेशात कसरती करून दाखवीत असल्यामुळे लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले. 1894 मध्ये ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. 1896 मध्ये इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर टेलरने प्रस्थापित विक्रमापेक्षा कमी वेळ नोंदविला, तेव्हा ती धावपट्टीच त्याला बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो व्यावसायिक स्पर्धक झाला.

त्याची अडचण समजण्यासाठी या शर्यतीचे तंत्र ध्यानात घ्यावयास हवे. पुढील स्पर्धकाच्या आडोशाने मागच्यास हवेचा विरोध कमी होतो. म्हणून कुशल स्पर्धक दुसऱ्याच्या मागे राहून शक्ती राखतो आणि अखेरच्या टप्प्यात बाहेर पडून झेप घेतो. परंतु अनेकांच्या शर्यतीत गोरे स्पर्धक संगनमताने टेलरची कोंडी करीत, मग झेप घेण्यास वाटच उरत नसे. 1897 मध्ये टॉन्टन येथे तर शर्यत संपताच एका स्पर्धकाने त्याचा गळा आवळून त्यास बेशुद्ध केले.

घड्याळाविरुद्धच्या धावेत आणि दोघांच्या सामन्यात मात्र अशी कोंडी शक्य नव्हती. 1898 व 1899 मध्ये टेलरने अनेक वेगविक्रम केले. 1899 मध्येच माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत तो जगज्जेता ठरला. 1901 मध्ये तो युरोपात गेला, पण धर्मश्रद्धेमुळे रविवारी शर्यतीत उतरण्याचे त्याने नाकारले. पॅरिसमध्ये आदल्या वर्षीचा जगज्जेता एडमंड जॅकलिन याच्याकडून तो प्रथम हरला, पण काही दिवसांतच झालेल्या दुसऱ्या सामन्यात त्याने जॅकलिनला हरविले.

1910 मध्ये टेलर निवृत्त झाला. पुढे त्याची संपत्ती सरली. 1928 मध्ये स्वखर्चाने छापलेले आत्मचरित्र तो दारोदार विकीत असे. 1932 मध्ये शिकागो येथे निर्धनावस्थेत त्याचा मृत्यू झाला व नावाचा दगडही नसलेल्या कबरीत त्यास पुरण्यात आले. 1948 मध्ये जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष सन्मानाने दुसऱ्या जागी पुरून तेथे स्मृतिफलक उभारला. 1982 मध्ये इंडियानापोलिस येथे शर्यतींसाठी नवी धावपट्टी बांधण्यात आली. ज्या शहराने एके काळी त्याला अटकाव केला होता, तेथील या धावपट्टीस मेजर टेलरचेच नाव देण्यात आले.